बिनरंगी माशाचा रंग

आजच्या विषयाची सूचना लागली तेव्हा माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी फोन करून विचारलं, "सर, छपाईची चूक आहे का?" विषय निमखाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचे रंग, आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक! चूक नाही. मला मत्स्यशास्त्र येत नाही, हे आधीच कबूल करतो. पण रंग म्हणजे काय, तो वस्तूत असतो की बघणाऱ्यात, हा प्रश्न मी तीसेक वर्षं वर्गात शिकवला. आणि त्याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा घरी दिलं. त्या चुकीमुळे मी एका लहानशा माशाचा इतिहास धुंडाळायला लागलो. तोच आज सांगणार आहे.

१९९० च्या दशकाचा शेवट. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. वाढदिवसाला तिला काचेची टाकी हवी होती. पुण्यातल्याच एका दुकानात गेलो. तिथे एका टाकीत बोटाच्या दोन पेरांएवढे चपटे मासे होते. अंग काचेसारखं आरपार, आणि पाठीच्या कडेनं एक झगझगीत पट्टा: कुणाला गुलाबी, कुणाला पोपटी, कुणाला पिवळा. मुलगी तिथून हलेना. दुकानदार म्हणाला, "डिस्को फिश आहेत सर, परदेशी. निमखारं पाणी लागतं, दर बादलीला चमचाभर मीठ टाका." आम्ही तीन घेतले. त्याच टाकीत एक मासा पट्टा नसलेला होता. तो त्यानं पिशवीत वरून टाकला. "हा असाच घेऊन जा, बिनरंगी आहे, कुणी घेत नाही."

तीनेक महिन्यांत पट्टे फिके पडायला लागले. मग एका माशाच्या कल्ल्यांवर पांढऱ्या गाठी आल्या, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मी पाणी चुकीचं बदललं का? माझ्यामुळे रंग गेला का?" मी काय सांगितलं असेल? मी त्या आठवड्यात वर्गात लॉक शिकवत होतो. आकारासारखे गुण हे वस्तूचे मूळ गुण. रंग, चव, वास हे बघणाऱ्या-चाखणाऱ्याच्या मनात उमटणारे दुय्यम गुण. त्याचाच एक घोट मी तिला पाजला. म्हटलं, अगं, रंग असा येतो-जातो, तो माशाचा खरा गुण नव्हेच. तिनं मान हलवली. तिचं समाधान झालं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता या माशाची ओळख करून देतो. इंग्रजीत त्याला इंडियन ग्लासफिश म्हणतात. म्हणजे दुकानदारानं परदेशी म्हणून विकलेला मासा आपल्याच देशातला! आजचं शास्त्रीय नाव पॅराम्बॅसिस रंगा. वाढून वाढून आठेक सेंटिमीटरचा होतो. संथ नाले, तळी, भातखाचरं, आणि नदी समुद्राला मिळते तिथलं निमखारं पाणी, अशा ठिकाणी तो राहतो. पावसाळ्यात पाणी पसरलं की अंडी घालतो.

त्याला शास्त्रात आणलं फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं. आधी त्याचं आडनाव बुकॅनन होतं, १८१८ मध्ये आईकडच्या इस्टेटीबरोबर हॅमिल्टन हे नाव आलं. त्यामुळे पुस्तकांत तो दोन्ही नावांनी भेटतो आणि नवख्याची फसगत होते. १७९४ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर, कानडा, मलबार पालथं घातलं, मग १८०७ ते १८१४ बंगाल प्रांताचा सर्व्हे केला. गावात किती घरं, कुठलं पीक, कोण काय खातं, आणि जाळ्यात कोणते मासे येतात, हे सगळं तो लिहून घेई. स्थानिक चित्रकारांकडून चित्रं काढून घेई. १८१५ मध्ये आजारी होऊन परत निघाला तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉइरा यांनी त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह सरकारी माल म्हणून कलकत्त्यातच ठेवून घेतला. ही जखम त्याला शेवटपर्यंत सलत होती. तरी जवळच्या टिपणांवरून आणि चित्रांवरून त्यानं गंगेतल्या माशांचा ग्रंथ लिहिला आणि १८२२ मध्ये एडिंबरोला छापला. सोबत ३९ चित्रपत्रं. कलकत्त्यात राहिलेल्या माशांच्या चित्रांचा नीट अभ्यास व्हायला सुंदरलाल होरांची वाट पाहावी लागली. त्यांचा निबंध १९२९ चा, म्हणजे मधे शंभराहून जास्त वर्षं गेली.

हॅमिल्टनची एक सवय मला फार आवडते. नवा मासा सापडला की इतर युरोपीय पंडित ग्रीक-लॅटिन नाव शोधत किंवा आपल्या आश्रयदात्याचं नाव चिकटवत. हा पुष्कळदा कोळ्यानं सांगितलेलं नावच लॅटिनच्या रांगेत बसवून टाकी. या माशाचं नाव त्यानं लिहिलं चांदा रंगा. 'चांदा' हे बंगालीत चपट्या, चंदेरी माशांचं नाव. तिकडे पापलेटालाही रूपचांदा म्हणतात. आणि 'रंगा'? बंगाली 'राङा' म्हणजे लालसर, रंगीत. म्हणजे बघा, ज्या माशाला दुकानदारानं बिनरंगी म्हणून फुकट दिलं, त्याचं नाव त्याला रोज पकडणाऱ्या माणसांनी 'रंगीत चांदा' असं ठेवलं होतं. एवढंच नव्हे, त्याच ग्रंथात हॅमिल्टननं त्याचा एक भाऊबंद दिलाय, चांदा लाला. लाला म्हणजे लाल. पुढे हे दोघे एकच की वेगळे यावर शास्त्रज्ञांत बराच गोंधळ झाला, आणि मत्स्यालयाच्या जुन्या पुस्तकांत आपला काचमासा 'लाला' याच नावानं वावरला. अमेरिकेत विल्यम इनेस याचं शोभेच्या माशांवरचं पुस्तक १९३५ मध्ये निघालं आणि पुढे अनेक आवृत्त्यांतून घरोघर गेलं. त्यातही तो ॲम्बॅसिस लाला होता. नावात 'लाल' आणि वर्णनात 'काच', आणि हे कुणाला खटकलं नाही.

मग कोण बरोबर, कोळी की मत्स्यालयवाला? मला वाटतं, हा प्रश्न कुठून बघता याचा आहे. (हे माझं अनुमान आहे, कुणा तज्ज्ञाचं मत म्हणून घेऊ नका.) कोळी मासा बघतो तो जाळ्यातून उपसून, ओला, उन्हात, तळहातावर. त्याच्या अंगावरून उजेड परतून डोळ्यात येतो. त्या वेळी कल्ल्यातलं रक्त, अंगावरची पिवळसर झाक, पोटाची चांदी, सगळं दिसतं. मत्स्यालय ही तशी अलीकडची चीज. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं पहिलं जाहीर दालन उघडलं ते १८५३ मध्ये. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. लहानपणी मामाचं बोट धरून मी ते पाहिलंय. तिथे मासा काचेपलीकडे आणि आपण समोर, त्याच्या बाजूला. उजेड वरून किंवा मागून. आता हा मासा आरपार दिसणारच! त्याच्या मांसात रंगद्रव्य फार कमी, शरीर पातळ, म्हणून मागचा उजेड निघून जातो. पाठीचा कणा, काटे मोजता येतात. आतडी-जठर मात्र एका चंदेरी पिशवीत गुंडाळलेली असतात, म्हणून पोटाशी तेवढा एक चकचकीत ठिपका. काचेच्या पेटीत ठेवून, पाठीमागून उजेड टाकून बघितलं आणि म्हटलं, अरे, हा तर काचेचा!

इथे मला माझ्या न्यायशास्त्राकडे वळायची परवानगी द्या, थोडक्यात आटोपतो. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आमच्याकडे पहिल्या वर्षाला असे. त्यात रूप, म्हणजे रंग, हा केवळ डोळ्यालाच कळणारा गुण मानलाय, आणि त्याचे सात प्रकार: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि सातवा चित्र, म्हणजे चित्रविचित्र. या सातांत 'बिनरंगी' नाही. पाण्याला रंग नाही असं आपण शाळेत शिकतो. अन्नंभट्ट म्हणतो, पाणी पांढरंच, फक्त न चमकणारं. मुलं हसायची. पण यामागे युक्तिवाद आहे. नैयायिकाच्या मते डोळ्यानं एखादं द्रव्य दिसायचं तर त्यात व्यक्त झालेलं रूप हवंच. वाऱ्याला रूप नाही, म्हणून वारा दिसत नाही. मग जे दिसतं, ते रूपाशिवाय कसं असेल? या हिशेबानं टाकीतला बिनरंगी मासा ही वदतोव्याघाताची गोष्ट आहे. बिनरंगी असता, तर टाकी रिकामी दिसली असती.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती उपाधीची. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवा, स्फटिक लाल दिसतो. लाली फुलाची, स्फटिकाच्या माथी आपण मारतो. यमुनेचं पाणी निळं-काळं दिसतं त्याचंही असंच उत्तर 'मुक्तावली'त आहे: ते निळेपण पाण्याचं नव्हे, ज्याच्या आश्रयानं पाणी आहे त्याचं, ओंजळभर वर उडवा, पांढरं दिसेल. फूल बाजूला केलं की स्फटिक पुन्हा स्वच्छ. स्फटिकाचं काही बिघडत नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्याकडे तोंड करून उच्चारलं. आता माझ्या टाकीतल्या माशाच्या बाबतीत काय झालं होतं ते ऐका.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मासा युरोपात पोचला होता. वर्षानुवर्षं तो छंदिष्टांचा मासा राहिला: लाजरा, जिवंत खाद्य मागणारा, सौम्य. त्याला मीठ हवंच, असं एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेलं आणि तो निमखाऱ्या पाण्याच्या यादीत पक्का बसला. खरं तर नदी-तळ्यांच्या गोड्या पाण्यात तो खुशाल राहतो. नदीमुखाशीही राहतो, एवढंच. पण मोठ्या बाजारात काचेला गिऱ्हाईक किती? साधारण १९८० च्या दशकापासून अतिपूर्वेकडच्या मत्स्यपैदास केंद्रांतून रंगीत पट्ट्यांचे काचमासे यायला लागले. हे पट्टे अंगावर लावलेले नव्हते. इंजेक्शनच्या सुईनं कातडीखाली रंग भरलेला होता. पाठीच्या कडेला, खालच्या कडेला, एकेका माशाला अनेकदा टोचून. आरपार मासाच का निवडला, हे लगेच कळतं. कातडीखालचा रंग अशा माशात उठून दिसतो.

एकदा प्रमाण मनात आणा. मासा तीन-चार सेंटिमीटरचा. आपण लस टोचून घेतो ती सुई आपल्या दंडाच्या मानानं केवढी, आणि ही सुई त्याच्या पाठीच्या मानानं केवढी! आपल्याला ती पेन्सिलीएवढी वाटली असती. आणि एका सुईनं एक मासा नाही, ओळीनं कित्येक.

ब्रिटनमधल्या 'प्रॅक्टिकल फिशकीपिंग' या मासिकानं १९९६ मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली. दुकानदारांना साधी गळ घातली: असे मासे विकणार नाही, असं जाहीर करा. पुष्कळांनी केलं. १९९८ मध्ये स्टॅन मॅकमहॉन आणि पीटर बर्जेस यांनी त्यात एक तपासणी छापली. दुकानांतले रंगवलेले आणि न रंगवलेले काचमासे त्यांनी पाहिले. रंगवलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक माशांवर लिम्फोसिस्टिस नावाच्या विषाणूच्या खुणा होत्या. न रंगवलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. हा विषाणू कातडीच्या पेशी फुगवतो, त्यामुळे पर-कल्ल्यांवर पांढऱ्या गाठी येतात. एकाच सुईनं तो एका माशातून दुसऱ्यात जात असेल, किंवा जखमेनं माशाची ताकद खचत असेल, किंवा दोन्ही. आणि तो रंग? सहा ते दहा महिन्यांत बहुतेकांचा विरला किंवा ठिपक्यापुरता उरला.

हे सगळं मी वाचलं ते तीन-चार वर्षांनी, कॉलेजच्या वाचनालयात नव्हे, एका परदेशस्थ विद्यार्थ्यानं पाठवलेल्या झेरॉक्समध्ये. फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी! वाचता वाचता कान तापले. मुलीनं पाणी बरोबरच बदललं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं: नाही बाळ, तुझ्यामुळे नाही, कुणीतरी सुईनं भरला होता तो रंग, आणि आपण तो विकत घेतला. मी तिला लॉक सांगत बसलो. लॉकचा दोष नाही. पण 'रंग हा माशाचा खरा गुण नव्हे' असं म्हणणारा मी, आणि 'हा बिनरंगी, फुकट न्या' म्हणणारा दुकानदार, आम्ही दोघं एकाच बाजूला उभे होतो. रंग वरवरचा असेल, तर तो काढला काय नि घातला काय!

नैयायिकाचा स्फटिकही इथे लंगडा पडतो, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. उपाधी बाजूला केली की वस्तू जशीच्या तशी, हे स्फटिकाला ठीक. इथे जास्वंद स्फटिकात सुईनं खुपसली होती. रंग विरून गेला, गाठी राहिल्या.

माणसाला माशाच्या रंगाचं हे वेड नवं नाही म्हणा. रोममध्ये पहिल्या शतकात श्रीमंतांच्या मेजवानीत मलेट नावाचा तांबडा मासा काचेच्या भांड्यात घालून जिवंत आणत. कशाला? तो मरताना लाल, मग फिका, मग आणखी कुठल्या छटेचा होत जातो, ते पाहुण्यांनी बघावं म्हणून! तत्त्वज्ञ सेनेका यानं या लोकांवर चांगलीच आग पाखडलीय. म्हणजे तो निदान वेळेवर बोलला.

आता त्या चौथ्या माशाचं सांगतो, फुकटात आलेल्या. पट्टेवाल्यांपैकी दोघे त्याच वर्षी गेले, तिसरा पुढच्या उन्हाळ्यात. हा राहिला. टाकी पूर्वेच्या खिडकीशी होती. एकदा मुलीनं टाकीमागे काळा कागद चिकटवला, शाळेच्या कुठल्याशा प्रकल्पातून उरलेला. सकाळचं तिरकं ऊन बाजूनं आत आलं, आणि तिनं मला हाक मारली. "बाबा, याला रंग आहे!" होता. अंगावर मधासारखी झाक, आणि पाठीच्या व खालच्या परांना निळी कड, शाईच्या निबानं ओढावी इतकी बारीक. या जातीचे नर वयात आले की अशी कड येते, हे नंतर पुस्तकात पाहिलं. विणीच्या काळात ती आणखी खुलते. मादीला आणि प्रतिस्पर्धी नराला ती दिसावी म्हणूनच असणार. आपल्यासाठी तर नक्कीच नाही. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली, उघड्या काचेपुढे, घाबरलेल्या लहान माशाला ती दिसणार कुठून?

बाजार आता पुढे गेलाय. हॅमिल्टनच्या त्याच १८२२ च्या ग्रंथात आणखी एक बारीक मासा आहे, रेरिओ. आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याला झेब्राफिश म्हणून ओळखतात. १९९९ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात त्याच्यात जेलीफिशचं जनुक घालून त्याला हिरवा चमकवला, आणि २००३ च्या अखेरपासून असे चमकणारे मासे अमेरिकेत विकायला लागले. इथे सुई नाही, रंग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, मासा दुखावत नाही. म्हणून मी त्याला काचमाशाच्या पंगतीत बसवणार नाही, जरी मला तो आवडत नसला. गंमत पुढेच आहे. २००८ मध्ये संशोधकांनी त्याच झेब्राफिशचा रंग काढून एक आरपार वाण तयार केला, आतली कर्करोगाची गाठ वाढताना दिसावी म्हणून. गंगेच्या एकाच पुस्तकातले दोन मासे. रंगीत होता त्याला काच केलं, काच होता त्याला रंग टोचला.

टोचलेले काचमासे आता पूर्वीइतके दिसत नाहीत, पण संपलेले नाहीत; नावं बदलून येतात. ओळखायचं कसं, असं मला विचारतात. सोपं आहे. ग्लासफिशच्या अंगावर भडक गुलाबी, पोपटी, निळा पट्टा दिसला आणि एकाच टाकीत प्रत्येकाचा वेगळा असला, तर तो सुईचा. दुकानदाराला शांतपणे विचारा. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं, हे मी अनुभवानं सांगतो.

मुलगी आता चाळिशीत आलीय. या व्याख्यानाची तयारी करताना मी तिला फोनवर सगळं सांगितलं, जे पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. माशांचे रंग कुठले होते ते तिला आठवेना, निळी कड आठवत होती. "आणि तुम्ही काहीतरी म्हणाला होतात बाबा," ती म्हणाली, "मला ते कळलं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही मला समजूत म्हणून सांगताय, आणि चूक माझीच होती."